आडनाव वरचं टोक: विदर्भातल्या खेड्यात आपल्या कुळाचा माग कसा काढावा

आमच्या गावात वानखड्यांची अकरा घरं आहेत. गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. लहानपणी आजीला विचारलं होतं, हे सगळे आपलेच का? ती म्हणाली, "सात आपले, चार त्यायचे." पुढं कळलं की त्या चारांतली दोन घरं माळ्यांची, एक बौद्धांचं. चौथं घर मात्र आमच्याच जातीचं, आमच्याच गल्लीतलं, लग्नाकार्यात पुढं होणारं, पण त्यांच्याकडं कोणी गेलं तर आम्हाला सुतक नाही आणि आमचं त्यांना नाही. म्हणजे भाऊबंद नाहीत. मग आडनाव एक कसं? या एका प्रश्नापायी मी सहा वर्षं कागद उपसले. त्यातून जे हाताला लागलं ते इथं क्रमानं लिहितो.

एकच आडनाव धरून शोध घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये चांगली रुळलेली आहे. १९७९ साली तिथं याच कामासाठी 'गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज' ही संस्था निघाली. पद्धत अशी की, फक्त आपल्या पणज्या-खापरपणज्याच्या मागं लागायचं नाही. त्या आडनावाची सापडेल ती प्रत्येक नोंद, आपली असो की परक्याची, जमा करायची आणि मग त्या ढिगातून घराणी वेगळी पाडायची. तिकडं ते जमतं, कारण चर्चच्या वह्यांत शेकडो वर्षं आडनाव लिहिलेलं आहे. आपल्याकडं खेड्यात आडनाव कागदावर आलं तेच मुळी शाळा आणि नोकरीच्या मागोमाग. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत 'गणू वल्द तुळशा, जात कुणबी' एवढंच असतं. म्हणून विदर्भात हे काम करायचं तर एक गोष्ट पक्की धरावी: आडनाव हे दोराचं वरचं टोक आहे. खाली उतरायचा दोर म्हणजे वल्दियत, म्हणजे बापाचं नाव, आणि वावर, म्हणजे शेत.

आधी घरातली फाईल

लोक थेट तहसीलात धावतात. त्याआधी भाऊबंदांत कोणाच्या पोराची जात वैधता झाली आहे ते शोधा. ती फाईल म्हणजे दुसऱ्या कोणी चपला झिजवून गोळा केलेला खजिना असतो. वैधतेसाठी ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. त्यामुळं आज्या-पणज्याचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, जुना अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र एकाच फाईलीत सापडतं.

वंशावळीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ती जात पडताळणी समितीपुढं मांडण्यासाठी केलेली असते. पुराव्याला उपयोगी नसलेले भाऊ, लहानपणी गेलेली मुलं आणि बहुतेक सगळ्या बाया तिच्यातून गळालेल्या असतात. आमच्या फाईलीत माझ्या पणज्याला दोन मुलं दाखवली होती. प्रत्यक्षात पाच झाली.

त्याच फेरीत जुन्या ट्रंकाही उघडायला सांगा. खरेदीखतं, सावकाराच्या पावत्या, लग्नपत्रिका, सोसायटीची पासबुकं, सगळं पाहायचं. लग्नपत्रिकेवरचे 'आपले नम्र' आणि 'व्यवस्थापक' म्हणजे त्या वर्षाची भाऊबंदकीची हजेरीच.

माणसं विचारताना

पहिली अडचण कागदाची नसते, संशयाची असते. मी एका चुलत आज्यापाशी वही काढून बसलो आणि आजोबांच्या भावांची नावं विचारली, तर ते म्हणाले, "काहून रे बाप्पा, वाटा मांगाले आला काय?" तेव्हापासून मी वही उशिरा काढतो. आधी पाऊसपाणी, मग कपाशी-तुरीचा भाव, मग एखादा जुना फोटो. फोटोतल्या माणसांची नावं माणूस आपणहून सांगतो.

सगळ्यात जास्त माहिती आत्यांकडं मिळते. त्या गावातून निघून गेल्या, त्यांना हिश्शाची भांडणं आता तितकी लागत नाहीत, आणि माहेरचं सगळं त्यांना पाठ असतं. मोठेबाबा जिथं 'दोघं भाऊ होते' म्हणून थांबतात, तिथं आत्या सांगते की तिसरा होता, तो बायकोसोबत यवतमाळकडं गेला आणि परत आला नाही.

विचारायचे प्रश्न ठरवून न्या. कुलदैवत कोणतं, माहूरची रेणुका की आणखी कोणी? लग्नात देवक कशाचं? सुतक किती घरांत पाळता? अक्षय तृतीयेला घागर पुजताना आणि पितरं जेवू घालताना कोणाकोणाची नावं घेता? हा शेवटचा प्रश्न मोलाचा आहे, कारण त्या नावांचा क्रम वर्षानुवर्षं सहसा बदलत नाही. मला पाचव्या पिढीचं नाव आधी तिथंच मिळालं, कागदावर नंतर.

वर्ष विचारू नका, प्रसंग विचारा. १९१८ चा इन्फ्लुएन्झा जुनी माणसं 'मानमोडी' म्हणून सांगायची. १८९९-१९०० चा दुष्काळ संवत १९५६ मधला, म्हणून छप्पन्याचा. पूर्वेकडं चिमूर आणि आष्टीच्या १९४२ च्या उठावाची आठवण असते. गाडगेबाबा गेले ते १९५६, तुकडोजी महाराज गेले ते १९६८. 'महाराज गेले तवा तुझा बाप पाळण्यात होता' हे वाक्य शाळेच्या दाखल्यावरच्या १ जुलैपेक्षा खरं असतं. गुरुजींनी किती पोरांना १ जुलैला जन्माला घातलं त्याला गणती नाही.

आडनावाची रूपं आणि गावांची यादी

आता आडनाव घ्या आणि त्याची सगळी रूपं एका पानावर लिहा. वानखडे, वानखेडे, वानखडें, नुसतं वानखड, आणि इंग्रजीतून परत मराठीत आलेली वेडीवाकडी रूपंही. आमच्या दोन सख्ख्या काकांपैकी एक नोकरीच्या कागदावर वानखडे आहेत, दुसरे वानखेडे. त्यात पाटील, देशमुख, चौधरी असे हुद्दे मिसळतात. एक भाऊ शाळेत 'पाटील' म्हणून लागला, दुसरा मूळ आडनावानं, आणि दोन पिढ्यांत लोकांना ती दोन घराणी वाटू लागतात.

मग आडनाव कुठून आलं याचा अंदाज बांधा, पण त्याला चिकटून बसू नका. वानखडे हे बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातल्या वान नदीकाठच्या वानखेडवरून आलं असं आमच्यात सांगतात. पटण्यासारखं आहे. पण गावावरून पडलेलं नाव तिथून निघालेल्या कोणालाही चिकटतं. कुणबी, माळी, तेली, बौद्ध, सगळ्यांत वानखडे आहेत. रामटेके, उमरेडकर, पौनीकर यांचंही तेच. चंद्रपूर-गडचिरोलीकडं 'वार' लागलेली आडनावं दिसतात, ती तेलुगूतल्या आदरार्थी 'वारू'शी जोडली जातात.

आणि ज्या गावावरून नाव पडलं ते गाव आज वस्तीचं असेलच असं नाही. विदर्भात महसुली नोंदीत 'रिठी' म्हणून लिहिलेली कितीतरी गावं आहेत: नकाशात शीव आहे, वावरं आहेत, घर एकही नाही. तुमच्या आडनावाचं गाव कुठंच सापडत नसेल तर तालुक्याच्या गावयादीत रिठी मौजे पाहा.

एकच आडनाव आणि पूर्ण वेगळी मुळं याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मेश्राम. गोंडांमध्ये ते कुळाचं नाव आहे. तेलंगणात आदिलाबाद जिल्ह्यातल्या केस्लापूरची नागोबा जत्रा याच कुळाची. पौष अमावस्येला विदर्भातूनही मंडळी तिथं जातात, आणि नव्या सुनांची देवाशी नि वडीलधाऱ्यांशी भेट घडवतात. तेच आडनाव नागपूर-भंडाऱ्याकडं बौद्ध कुटुंबांत भरपूर आहे. आडनावावरून दोन्ही एकत्र टाकली तर सगळा अभ्यास पहिल्याच पानावर बिघडतो. गोंडांत तर आडनावासोबत 'किती देवांचे' हे विचारावंच लागतं, कारण चार, पाच, सहा की सात देव यावर सोयरीक ठरते. समान देवांचे म्हणजे भाऊ.

गावांची यादी करायला मतदार याद्या उत्तम. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर त्या भागनिहाय मिळतात. बऱ्याच याद्या चित्रासारख्या असल्यानं शोध चालत नाही, डोळे फोडून वाचाव्या लागतात. सगळा जिल्हा करायला जाऊ नका. आपलं गाव, त्याभोवतीची दहा-पंधरा गावं आणि आडनावाचं मूळ गाव एवढं घ्या. प्रत्येक गावात घरं किती आणि त्यांत बापाची नावं कोणती हे लिहून घ्या. तीच ती नावं, म्हणजे गणू, तुळशा, सखाराम, दोन गावांत पिढ्या सोडून परत दिसू लागली की तिथं जाण्यात अर्थ आहे. आज्याचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत इथं वाट दाखवते. ती फसवते कशी ते पुढं सांगतो.

तुमचं गाव कोणाच्या अमलात होतं

ही पायरी लोक गाळतात आणि मग चुकीच्या दप्तरात अर्ज करत राहतात. वऱ्हाड, म्हणजे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ, १८५३ मध्ये निजामानं इंग्रजांकडं सोपवला. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. वऱ्हाड त्याला १९०३ मध्ये कारभारापुरता जोडला गेला. दोन्हीकडची जमीनव्यवस्था वेगळी. वऱ्हाडात रयतवारी, कास्तकाराचं नाव थेट सरकारी दप्तरात. नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्याकडं (आजचं चंद्रपूर) मालगुजारी, म्हणजे गाव मालगुजाराच्या नावावर आणि खाली कुळं. कागदांची नावंही त्यामुळं वेगळी.

जिल्ह्यांच्या सीमाही हलल्या. आमचा दर्यापूर तालुका १९०५ पर्यंत एलिचपूर (आजचं अचलपूर) जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडून अमरावतीत गेला. त्याच वेळी बासीम (आजचं वाशीम) जिल्हा मोडला आणि वणी जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. अलीकडं १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली, १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया निघाला. तालुके तर याहून जास्त फुटले. जुनं दप्तर नव्या जिल्ह्याला गेलं की जुन्याच ठिकाणी राहिलं हे दोन्हीकडं विचारल्याशिवाय कळत नाही.

वावराचा माग

आता मुख्य काम. आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करा. ऑनलाइन डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. त्यावर फेरफार क्रमांक असतात, आणि लोक ज्यांच्याकडं ढुंकूनही पाहत नाहीत ते हेच. प्रत्येक क्रमांक म्हणजे एक प्रसंग: कोणी मेला, कोणी विकलं, वाटणी झाली, बहिणीनं हक्क सोडला. शेवटच्या फेरफारापासून एकेक मागं जा. तलाठ्याकडच्या गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद असते. खातेदार वारला की वारस आधी ६-क मध्ये लिहितात. ६-क हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक वंशवृक्ष आहे, कारण त्यात मुली आणि विधवाही असतात आणि चूक झाली तर आरडाओरडा करायला सगळे हजर असतात.

हक्कसोडपत्र सापडलं तर नीट वाचा. त्यात लेकीचं सासरचं नाव आणि गाव येतं. बाईमाणसाचा माग लावायला आपल्याकडं याहून चांगला कागद क्वचितच सापडतो. नोंदणीकृत दस्त दुय्यम निबंधकाकडं असतात आणि नावांची सूची पाहता येते.

हस्तलिखित सातबारे आणि जुने फेरफार पुष्कळ ठिकाणी स्कॅन झाले आहेत आणि महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर मिळतात. शोध गावाच्या आणि गट किंवा सर्व्हे नंबरच्या नावानं होतो, माणसाच्या नावानं नाही. म्हणूनच वावराचा नंबर आडनावापेक्षा कामाचा. पण तो नंबर बदललेला असू शकतो. जमीन एकत्रीकरणात जिथं सर्व्हे नंबरचे गट झाले, तिथं जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ घालणारा तक्ता तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात, गावच्या भाषेत मोजणी ऑफिसात, असतो. तो एकदा मिळवला की पुढचे दहा हेलपाटे वाचतात.

म्हातारी माणसं नंबर सांगत नाहीत. ती सांगतात 'आंब्याचं वावर', 'बरडाचं', 'नाल्याकाठचं'. गावनकाशाची प्रत घ्या, एखाद्या जाणत्या माणसाला, जमलं तर जुन्या कोतवालाला, सोबत घ्या आणि वावरांची नावं नकाशावर मांडा. मला यासाठी एक दुपार आणि चार कप चहा लागला, आणि मिळालं एवढं की आमच्या सात घरांची सगळी वावरं एका पट्ट्यात आहेत. आधी ते एकच मोठं वावर असणार हे तिथंच दिसलं.

त्याच्या मागं जायचं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या नोंदींची नक्कल मागावी लागते. वऱ्हाडात हक्कनोंदणी, पेरेपत्रक, जुने खासरे असे शब्द वापरा. नागपूरकडच्या जिल्ह्यांत बंदोबस्त मिसल, पी-१, आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. हा अधिकार अभिलेख मालगुजारी गेल्यानंतरचा. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्यानं मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि कसणाऱ्याचं नाव सरळ सरकारी दप्तरात आलं. त्याच्या आधीच्या कागदात तुमचा पणजा 'मौरुसी' (वारसाहक्क असलेलं कुळ) किंवा 'साधारण कुळ' म्हणून दिसेल, थोडा बरा असेल तर 'मालिक मकबुजा', म्हणजे आपल्या तुकड्याचा मालक. 'सीर' आणि 'खुदकाश्त' म्हणजे मालगुजाराची स्वतःची जमीन. वाजिब-उल-अर्जमध्ये गावाचे रिवाज आणि हक्क असतात. तिथं पणजा भेटणार नाही, पण तो कोणत्या विहिरीवर पाणी भरत होता आणि कोणत्या जंगलातून सरपण आणत होता ते कळेल.

अर्जावर 'वंशावळ पाहिजे' असं लिहू नका. मौजा, वर्ष किंवा वर्षांचा पट्टा, सर्व्हे नंबर आणि कागदाचं नाव एवढंच लिहा. एका तालुक्याच्या ठिकाणी मी 'आमच्या पूर्वजांची माहिती' असा अर्ज केला होता, तो दोन महिन्यांनी 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून परत आला. तोच अर्ज सर्व्हे नंबर घालून केला तर आठवड्यात नक्कल मिळाली. दाद लागत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, प्रतीला पानामागं २ रुपये. पण आधी रेकॉर्डकीपरशी दोन शब्द बोला. कोणत्या रॅकवर काय आहे आणि कोणत्या वर्षाचं वाळवीनं खाल्लं हे त्याला ठाऊक असतं.

कोतवाल बुक आणि दाखल-खारीज

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मृत्यू असेल तर वय व कारण. आडनाव बहुधा नाही. मुलाचं नावही पुष्कळदा नाही, नुसतं 'मुलगा'. कारण खबर दिली तेव्हा बारसं व्हायचं होतं. त्यामुळं कोतवाल बुकात आजा शोधायचा तर त्याच्या बापाच्या नावावर झालेले सगळे जन्म काढायचे आणि भावंडांच्या क्रमाशी ताडून पाहायचे. १९१८ ची पानं उघडाल तर तयारीनं उघडा. आमच्या गावचे त्या हिवाळ्याचे मृत्यू पानामागून पान भरून आहेत, आणि कारणाच्या रकान्यात तोच एक शब्द, 'ताप'.

मूळ पान पाहायला मिळत असेल तर आपल्या नोंदीपाशी थांबू नका. आधीची-नंतरची पानंही पाहा आणि वल्दियत जुळणाऱ्या सगळ्या नोंदी टिपून घ्या. इथं ती ब्रिटिश पद्धत खरी उपयोगी पडते: परक्यांच्याही नोंदी गोळा केल्या की कोण परका ते कळतं.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हे आडनावाचं जन्मस्थान म्हणावं असं. अनेक घरांत आडनाव पहिल्यांदा तिथं लिहिलं गेलं. गुरुजींनी विचारलं, पोरानं किंवा बापानं जे सांगितलं ते लिहिलं. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत ही रजिस्टरं मुख्याध्यापकांच्या कपाटात असतात. त्यात जात, वडलांचं नाव, जन्मगाव आणि कधीकधी आधीची शाळा मिळते. १९५६ नंतरच्या पानांवर 'महार' च्या जागी 'बौद्ध' दिसू लागतं, आणि काही घरांनी त्याच सुमारास आडनावही बदललं. तिथं आडनाव धरून बसाल तर माग तुटतो. वल्दियत धरली तर तुटत नाही.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा राज्यभर शोध झाला. त्यात सापडलेल्या कोतवाल बुकांच्या, शाळेच्या आणि महसुली पानांच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. तुम्ही कुणबी असा-नसा, एकदा पाहून घ्या. एका पानावर इतरही घरं असतात.

वाचताना अडतं ते

'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' विधवा, 'मय्यत' मृत. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हे दिसलं की समजा बाप लवकर गेला आणि पालन करणारा बहुधा काका किंवा आई. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता, म्हणून एकट्याच्या नावावर असलेली जमीन त्याच्या एकट्याची नसते, भाऊ मागं उभे असतात.

इसवी सन काढताना: शकात ७८ मिळवा, दक्षिणी फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा. महिन्याप्रमाणं एखादं वर्ष इकडं-तिकडं होतं. मोडी लिपी आडवी आली तर घाबरू नका. आपल्याला सगळा कागद वाचायचा नसतो, गाव, नावं आणि आकडे ओळखायचे असतात. तेवढी मोडी महिनाभरात बसते.

भाट, परधान, उपाध्ये

भंडारा-गोंदियाच्या पोवारांत छत्तीस कुळं सांगतात, पटले, बिसेन, तुरकर, टेंभरे, रहांगडाले अशी. त्यांच्या भाटांकडं पोथ्या असतात. गोंडांची कुळकथा परधान, म्हणजे त्यांचे परंपरागत गायक, कीकरी या तंतुवाद्यावर गातात. नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेलेल्यांच्या सह्या आणि अंगठे असतात. तिथं आडनावापेक्षा जात आणि गाव सांगा, वह्या बहुधा तशाच लावलेल्या असतात. उपाध्यांच्या वहीतली ज्यानं स्वतः येऊन सांगितली ती नोंद सोनं. पोथीतल्या वरच्या पिढ्यांत मात्र कोणी ना कोणी राजा निघतोच. तो ऐकून घ्यावा, दक्षिणा द्यावी, आणि वंशवृक्षात लिहू नये.

रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे १९१६ चे चार खंड कुळनावांसाठी चाळून पाहायला चांगले. पण ते साहेबाच्या नजरेनं लिहिलेले आहेत, त्यातली कहाणी आपल्या घराला चिकटवू नका. नागपूरच्या पुराभिलेखागारात मोठ्या घराण्यांचं, मालगुजार-देशमुखांचं सापडण्याची शक्यता जास्त. साध्या कास्तकाराला तहसीलच बरी.

जोडण्याआधी

मी केलेली चूक सांगतो. कोतवाल बुकात 'तुकाराम वल्द गणू' मिळाला, गाव आमचं, जात आमची. मी त्याला पणज्याचा बाप म्हणून लावून टाकलं, सगळ्या भाऊबंदांना वंशवृक्ष छापून वाटला, शाबासकीही घेतली. वर्षभरानं त्याच वहीत त्याचा १९१८ चा मृत्यू सापडला. आणि आमचा तुकाराम तर पुढच्या काळातल्या फेरफारात जमीन विकत घेताना दिसत होता. एका गावात एकाच वेळी दोन तुकाराम, दोघांचे बाप गणू. आज्याचं नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजानं केलेली ही गंमत. शेवटी दोघांना वेगळं केलं ते वावरानं: एकाची जमीन गावाच्या उत्तरेला, दुसऱ्याची नाल्यापलीकडं.

तेव्हापासून माझा नियम: बाप-लेकाचा एक सांधा जोडायला एकमेकांवरून न उतरवलेले दोन कागद पाहिजेत, आणि गाव, वल्दियत, जात, वावर यांतल्या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. एकच कागद असेल तर पेन्सिलीनं. नुसती तोंडी माहिती असेल तर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख बाजूला. प्रत्येक नोंदीसाठी वहीत किंवा एक्सेलमध्ये एक ओळ: जसं लिहिलं आहे तसं नाव, कागदाचं नाव, वर्ष, पान, आणि मी हे कुठं पाहिलं. शुद्धलेखन सुधारू नका. 'वानखड' असेल तर 'वानखड'च.

जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आधार, सातबारे व्हॉट्सअ‍ॅपच्या भाऊबंदकी ग्रुपवर टाकू नका. दत्तक, पाट, दुसरं घर अशा गोष्टी सापडतीलच. ज्यांच्या घरातल्या आहेत त्यांना आधी एकट्यात सांगा, आणि त्यांनी नको म्हटलं तर वाटायच्या प्रतीतून गाळा, आपल्या वहीतून नाही. डीएनए चाचणीबद्दल लोक विचारतात. आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही बापाकडून मुलाकडं जातात, म्हणून दोन वानखडे एका रक्ताचे आहेत का हे त्यातून कळू शकतं. पण ताडायला दोन्हीकडचे पुरुष तयार पाहिजेत. आमच्याकडं अजून रक्तगट सांगायला लोक तयार नाहीत.

आता ते चौथं घर. त्यांच्या सातबाऱ्यावरून मागं जात जात १९४३ चा एक फेरफार लागला. खातेदार आमच्याच पट्ट्यातल्या वावराचा, माझ्या खापरपणज्याचा भाऊ. तो मय्यत, मुलगा नाही, आणि वारस म्हणून मुलगी, 'कोम' लावून नवऱ्याचं नाव. नवरा घरजावई म्हणून येऊन राहिलेला. त्यांच्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी आडनाव विचारलं असणार, आणि वावर ज्या नावानं ओळखलं जायचं तेच कोणीतरी सांगितलं. दाखल-खारीजमध्ये तो वानखडे झाला. त्या घरचं कुलदैवत आमच्याहून वेगळं का, आणि सुतक का नाही, हे एका फेरफारात उलगडलं.

वंशवृक्षात मी त्यांना तुटक रेघेनं जोडलं आहे, रेघेवर त्या मुलीचं नाव. प्रत घेऊन त्यांच्याकडं गेलो. घरातले म्हातारे बराच वेळ कागद पाहत बसले. मग बोट त्या नावावर ठेवून म्हणाले, "ही आमची आजी व्हय. हिचं नाव आम्हीबी घागरीवर घेतो."

पुढच्या अक्षय तृतीयेला त्यांच्याकडची नावं लिहून घ्यायची आहेत. तिच्या नवऱ्याचं मूळ आडनाव अजून मिळालेलं नाही. त्याचं गाव मोर्शीकडचं होतं एवढं कळलं आहे, म्हणजे आता मोर्शी तालुक्याच्या मतदार याद्या.